ॲडव्हान्स रस्त्याची, बाकी घरची

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळील त्या हुंडेकरी पेढीत आजही दोन प्रकारे हिशेब ठेवला जातो. सर्व व्यवहार संगणकावर असतोच. पण गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वहीही असते. तिच्यात चारच रकाने आहेत : गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव, हप्त्याची तारीख आणि बाकी दिल्याची तारीख. पेढीवर नव्याने आलेल्या कारकुनास पहिल्या दिवशी ही वही दाखविली जाते. शेवटच्या दोन तारखांपैकी हप्त्याची तारीख आधी उलटून गेली, तर चूक गाडीवाल्याची नसून पेढीची समजावी, एवढेच त्यास सांगितले जाते. ही वही कशी सुरू झाली, त्याची ही हकीकत आहे.

पेढीचे थोरले सर्वांचे 'अण्णा'. वडिलांनी १९७० च्या दशकात एका जुन्या ट्रकवर धंदा उभा केला; अण्णांनी चाळीस वर्षांत त्याच्या पाच गाड्या केल्या. हळद, गूळ, बेदाणा आणि साखर हा जाणारा माल; येताना मोरबीच्या फरशा, किशनगडचा संगमरवर किंवा मिळेल ते परतभाडे. पेढीचे नाव चोख होते. बिल्टीवर जे लिहिले ते पोहोचणार, ही बाजाराची खात्री होती.

तथापि एक दुखणे दर वर्षी ठरलेले असे. फेब्रुवारी ते मे या काळात नवी हळद आणि नवा बेदाणा एकदम बाजारात येतो. तेव्हा पाचच्या जागी पंधरा गाड्या असत्या तरी कमी पडल्या असत्या. व्यापारी सकाळी फोन करीत, दुपारी पुन्हा करीत आणि संध्याकाळी दुसऱ्या हुंडेकऱ्याकडे जात. मग पावसाळा लागला, की त्याच पाच गाड्यांपैकी दोन-तीन आवारात उभ्या राहत. उभी गाडी काही खात नाही असे म्हणतात, ते खरे नाही. टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो, विम्याचे दिवस उलटतात आणि कर्जाचा हप्ता पाऊस बघत नाही.

२०१६ मध्ये अण्णांचे चिरंजीव पुण्याहून व्यवस्थापनाचे शिक्षण पुरे करून पेढीवर आले. पहिल्याच दिवाळीत त्यांनी वडिलांपुढे कागद ठेवला : आणखी पाच गाड्या घ्याव्यात. अण्णांनी पेन्सिल उचलली. एका दहाचाकी गाडीमागे २२ लाखांचे कर्ज, चार वर्षांची मुदत, साडेदहा टक्के व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे ५६ हजार. पाच गाड्यांचे झाले २ लाख ८० हजार. हंगामाच्या चार महिन्यांत ते सहज निघतील. उरलेल्या आठ महिन्यांचे काय? शिवाय पाच चालक हवेत, आणि चांगला चालक मिळणे गाडी मिळण्याहून अवघड.

"मग वाढायचेच नाही का?" चिरंजिवांनी विचारले.

"वाढायचे," अण्णा म्हणाले, "पण लोखंड वाढवून नाही. माणसे जोडून."

मार्ग नवा नव्हता. बाजारात स्वतःची एकच गाडी असलेले, ती स्वतःच चालविणारे कितीतरी लोक असतात. त्यांच्याकडे गाडी असते, कसब असते; नसतो तो माल. पेढीकडे माल असतो, व्यापाऱ्यांचा विश्वास असतो; नसते ती गाडी. दलालामार्फत एका खेपेपुरती घेतलेली 'मार्केट गाडी' हा याचा सैल प्रकार. ती गाडी आज दिसते, पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही. गाडीमालकाशी लेखी ठराव करून वर्षभर गाडी पेढीशी 'अटॅच' ठेवणे हा त्याचा घट्ट प्रकार. अण्णांनी दुसरा निवडला.

कागदपत्रांची बाजू चिरंजिवांनी उत्तम सांभाळली. गाडीचे नोंदणीपत्र, फिटनेस, विमा, चालकाचा परवाना, पॅन, बँक खाते. राष्ट्रीय परवाना साध्या गाडीस बारा वर्षांच्या आणि अधिक आसांच्या गाडीस पंधरा वर्षांच्या वयापर्यंतच मिळतो. म्हणून गाडीचे वय पाहणे आले. ज्याच्या मालकीच्या मालवाहू गाड्या दहा किंवा त्याहून कमी आहेत, त्याने पॅन आणि तसे लेखी निवेदन दिले, तर त्याच्या भाड्यातून करकपात करावी लागत नाही. २०१५ च्या जूनपासून हा नियम असा आहे. ते निवेदन प्रत्येकाकडून घेतले गेले. एका दिवसात एका गाडीवाल्यास ३५,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकरात धरला जात नाही; म्हणून मोठ्या रकमा बँकेतूनच जाऊ लागल्या. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हाही घोटाळा झाला नाही. गाडीवाला आपली गाडी बिल्टी काढणाऱ्या पेढीस भाड्याने देतो, त्या भाड्यावर कर नाही. बिल्टी पेढीची, म्हणून कराचा विचारही पेढीच्याच भाड्याचा.

याच एका वाक्यात दुसरी गोष्टही होती, ती मात्र त्या वेळी कोणी नीट वाचली नाही. बिल्टी पेढीची, म्हणून मालधन्यापुढे जबाबदारीही पेढीचीच. १८६५ च्या जुन्या वाहक कायद्याची जागा घेणारा २००७ चा कायदा हेच सांगतो. माल हरवला वा बिघडला, तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालधन्यावर नसते. गाडी कोणाची, हे त्यास पाहावे लागत नाही.

अण्णांची पारख वेगळी होती. ते गाडीभोवती एक फेरी मारीत. टायरपेक्षा ताडपत्री अधिक निरखून पाहत. ताडपत्रीचे ठिगळ नीट शिवलेले असेल, तर माणूस माल आपला समजतो, असे ते म्हणत. मग एकच प्रश्न विचारीत, "हप्ता किती तारखेला असतो?" आणि पहिल्या खेपेपूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन येत.

पहिला गाडीवाला आला तो जत तालुक्यातला. दुष्काळी गाव, वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन, पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालकी. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याने कर्ज काढून एक वापरलेली दहाचाकी घेतली होती. हप्ता ४१,००० रुपये, दर महिन्याच्या दहा तारखेस. अण्णा त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याच्या पत्नीने चहाबरोबर मुलाची जुनी शाळेची वही आणून दाखविली. तिच्यात तिने अठ्ठेचाळीस ओळी आखल्या होत्या. तीन ओळींपुढे बरोबरची खूण होती. पंचेचाळीस ओळी रिकाम्या होत्या.

परतताना अण्णांनी चिरंजिवांना बजावले, "यांना ड्रायव्हर म्हणायचे नाही. मालक म्हणायचे. आणि अहो-जाहो करायचे."

दीड वर्षात अशा अकरा गाड्या जोडल्या गेल्या. ठराव दोन पानांचा, मराठीत. डिझेल, टोल, टायर, दुरुस्ती आणि दंड गाडीमालकाचा. भराई, उतराई आणि वारई पेढीची. भाड्याच्या सत्तर टक्के रक्कम माल भरताच ॲडव्हान्स; सहा टक्के पेढीचे कमिशन; उरलेली बाकी माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच आल्यावर. मुक्कामी पोहोचल्यावर एक दिवस मोफत. त्यापुढे गाडी खोटी झाली तर दिवसास १,५०० रुपये.

पेढीचे नाव आता नव्या पेठांत घेतले जाऊ लागले. मालही वाढला आणि मोहही. एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याने सोळा टनांच्या गाडीत वीस टन हळद भरण्याचा आग्रह धरला. गाडीवालाही तयार होता. भाडे टनावर होते. चिरंजीव म्हणाले, "गाडी त्यांची, दंड त्यांचा, मर्जी त्यांची. आपण का अडवायचे?" अण्णांनी चार टन खाली उतरविले. श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'अतिभारारोपण' आहे, हे त्यांना लहानपणी आईने शिकविले होते. बैलाच्या पाठीवर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे. "गाडी लोखंडाची आहे," ते म्हणाले, "पण घाटात ब्रेक लागला नाही, तर मरणारा लोखंडाचा नसतो."

त्या दिवशी अण्णांना आपण नियम पाळला याचे समाधान वाटले असेल. त्या पाच शब्दांच्या यादीत पुढचा शब्द कोणता आहे, हे मात्र त्यांना आठवले नाही.

अडचण आली ती वाढीतूनच. अकरा गाड्या, प्रत्येकीच्या महिन्यास तीन खेपा, खेपेस सरासरी ६० हजार भाडे धरले, तर महिन्याचा धंदा १९ लाख ८० हजारांचा. व्यापारी पैसे देत ते ४५ दिवसांनी. म्हणजे कोणत्याही दिवशी सुमारे २९ लाख ७० हजार रुपये बाजारात अडकलेले. कमिशन वगळले, तर त्यातले जवळजवळ २८ लाख गाडीवाल्यांचे. ते त्यांना वेळेवर द्यायचे, तर पेढीने बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचलायचे. बारा टक्क्यांनी महिन्यास सुमारे २८ हजार व्याज. सहा टक्के कमिशनचे उत्पन्न १ लाख १८ हजार ८०० रुपये. त्यातून हे व्याज गेले, की उरतात सुमारे ९१ हजार. आणि पेढीचा खर्च त्यानंतर.

चिरंजिवांनी यावर जो उपाय काढला, तो कागदावर निर्दोष होता. व्यापाऱ्याचे पैसे आले, की गाडीवाल्याची बाकी द्यायची, आधी नाही. मोठ्या कंपन्या असेच करतात. व्याज वाचले, ताळेबंद सुधारला. अण्णांनी सही केली. अकरा घरांतून पेढीने बिनव्याजी कर्ज काढले आहे, हे ताळेबंदात कोठेच दिसत नव्हते.

मे २०१८. जतच्या गाडीत बेदाण्याच्या पेट्या भरून कानपूरला गेल्या. त्या महिन्यात उत्तर प्रदेशात वादळी पाऊस झाला. चाळीस पेट्या भिजल्या. तेथील व्यापाऱ्याने भाव पाडून पेढीच्या बिलातून ३८,००० रुपये कापले. चिरंजिवांनी नियमाप्रमाणे निर्णय घेतला : ताडपत्री गाडीमालकाची, म्हणून नुकसान गाडीमालकाचे, प्रकरण मिटेपर्यंत त्याची कोणतीही बाकी सोडू नये. त्याच्या तीन खेपांची बाकी पेढीकडे होती. प्रत्येक खेपेचे १४,४०० धरून एकूण ४३,२०० रुपये.

गाडीवाला दोनदा पेढीवर येऊन गेला. अण्णा त्या आठवड्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे घरीच होते. तिसऱ्यांदा तो आला नाही. जूनच्या अखेरीस अण्णा पेढीवर बसू लागले. गुळाची एक खेप होती, म्हणून त्यांनी स्वतः त्यास फोन लावला.

"अण्णा, गाडी न्हाई," पलीकडून आवाज आला. "फायनान्सवाल्यांनी ओढली. हायवेच्या पंपावर चावी काढून घेतली. बारा दिवस झालं."

अण्णांनी काही विचारण्याआधी तो पुन्हा बोलला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. "ॲडव्हान्स रस्त्याची असती, अण्णा. डिझेल, टोल, सगळं त्यातच. बाकी घरची. बाकीच न्हाई आली तर हप्ता कशातनं भरू?"

अण्णांनी त्या खेपेची फाईल मागविली. पोच काढली. 'माल भिजलेला' असा शेरा आणि शिक्का सर्वांनी पाहिला होता. अण्णा, बँकेचा तपासनीस पाहतो तसे, तारखा पाहत राहिले. गाडी मुक्कामी पोहोचल्याची तारीख आणि माल उतरविल्याची तारीख यांत पाच दिवसांचे अंतर होते. पाऊस तिसऱ्या रात्री झाला होता. व्यापाऱ्याच्या गोदामात जागा नव्हती, म्हणून गाडी पाच दिवस रस्त्याच्या कडेस उघड्यावर उभी होती. पहिल्याच दिवशी माल उतरला असता, तर एकही पेटी भिजली नसती.

"खोटीचे पैसे?" अण्णांनी विचारले.

कारकून खाली पाहू लागला. चार दिवसांचे ६,००० रुपये गाडीवाल्यास द्यावयाचे होते. ते दिले नव्हते. व्यापाऱ्याकडून मागावयाचे होते. तेही मागितले नव्हते. व्यापारी मोठा होता, वर्षास चाळीस गाड्यांचा माल देत होता. त्याला दुखवायचे नव्हते. म्हणून त्याच्या गोदामाची अडचण पेढीने घेतली आणि पेढीची अडचण त्याच्याकडे सरकविली, ज्याला ती पुढे सरकविण्यास कोणी उरले नव्हते.

त्या रात्री अण्णांना ती यादी पुरी आठवली. 'अतिभारारोपण' नंतरचा शब्द 'अन्नपाननिरोध'. जो आपले ओझे वाहतो, त्याचे अन्नपाणी अडवून ठेवणे. आईने दोन्ही शब्द एकाच दमात शिकविले होते. त्यांनी एक लक्षात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ते जतला गेले, चिरंजिवांना बरोबर घेऊन. घरात फारसे बोलणे झाले नाही. त्या बाईंनी चहा दिला. वही मागितली नव्हती, तरी ती कोनाड्यातच होती. अण्णांनीच ती मागून घेतली. अठरा महिन्यांच्या खुणा एकाखाली एक, सरळ रांगेत. मे आणि जून रिकामे. चिरंजिवांनी ती वही बराच वेळ हातात धरली होती.

फायनान्सची मागणी ९६,००० रुपयांची होती : दोन हप्त्यांचे ८२,००० आणि विलंब व आवाराचे भाडे मिळून १४,०००. पेढीकडे त्याचे निघत होते ते बाकीचे ४३,२०० आणि खोटीचे ६,००० मिळून ४९,२००. ते तत्काळ भरले गेले. भिजलेल्या पेट्यांचे ३८,००० पेढीने आपल्या खर्ची टाकले. राहिले ४६,८००. त्यांपैकी ३२,८०० बिनव्याजी उचल म्हणून दिले. उरलेल्या १४,००० बाबत चिरंजिवांनी विचारले, "हे कोणत्या खात्यास टाकू?"

"माझ्या नावे टाक," अण्णा म्हणाले. "चूक माझ्या सहीने झाली आहे."

गाडी सुटली. परंतु ती पेढीवर परत आली नाही. गाडीवाल्याने कोल्हापूरच्या दुसऱ्या एका हुंडेकऱ्याशी बोलणे केले होते, आणि दिलेला शब्द मोडण्यास तो तयार नव्हता. अण्णांनी त्याला थांबविले नाही. तो त्याच्या गाडीचा मालक होता. 'मालक' म्हणावयाचे, तर त्याचा जाण्याचा हक्कही मानावा लागतो. उचलीचे ३२,८०० रुपये त्याने चार वेळा बँकेतून पाठवून पुढच्या मेपर्यंत फेडले. कानपूरच्या व्यापाऱ्यास पेढीने खोटीचे बिल पाठविले, तेव्हा त्याने ते भरले. मात्र पुढचा संपूर्ण हंगाम माल दुसऱ्याकडे दिला. दोन्ही बाजूंनी तोटाच झाला, असे चिरंजीव म्हणाले. अण्णांनी ते नाकारले नाही.

२० जुलै २०१८ पासून देशभर मालवाहतूकदारांचा संप झाला. आठ दिवस रस्ते शांत होते. आवारात गाड्या उभ्या, फोन बंद. त्या आठ दिवसांत बाप-लेक समोरासमोर बसले आणि ठरावाची दोन पाने नव्याने लिहिली. लाल वही त्याच वेळी आली.

पहिला नियम : पोच आल्यापासून सात दिवसांत बाकी गाडीमालकाच्या खात्यावर गेली पाहिजे; व्यापाऱ्याचे पैसे आले असोत वा नसोत. पोचेचे छायाचित्र मोबाइलवर आले, तरी ते पुरे.

दुसरा : खोटीचे बिल प्रत्येक वेळी जाईल, व्यापारी कितीही मोठा असो.

तिसरा : मालाच्या तुटीचा वा नुकसानीचा निर्णय पंधरा दिवसांत, गाडीमालकास समोर बसवून, पोचेवरच्या तारखांसह. निर्णय होईपर्यंत फक्त त्याच खेपेची बाकी थांबेल. दुसऱ्या खेपेस हात लागणार नाही.

चौथा चिरंजिवांनी स्वतः सुचविला, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. किती गाड्या जोडायच्या, हे मालावरून ठरवायचे नाही. सात दिवसांत किती जणांची बाकी देता येईल, यावरून ठरवायचे. बँकेची मर्यादा आणि पेढीची स्वतःची रक्कम मिळून हिशेब केला, तेव्हा आकडा नऊ आला. जतची गाडी गेल्यावर दहा उरल्या होत्या. आणखी एका गाडीवाल्यास दुसऱ्या चांगल्या पेढीवर जागा मिळवून दिली गेली. वाढीसाठी सुरू केलेली योजना अकरावरून नऊवर आली. बाजारात काही जण हसले.

पाचवा : सहा टक्क्यांच्या कमिशनमधून अर्धा टक्का वेगळ्या खात्यात. नऊ गाड्यांच्या हिशेबाने महिन्यास सुमारे ८,१०० रुपये. अडल्या वेळी हप्त्यास हातभार, एवढाच त्याचा उपयोग. त्याच वर्षी मालक-चालकाच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम १५ लाख रुपये झाली होती. प्रत्येकाच्या पॉलिसीत ती आहे की नाही, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे पाहण्याचे कामही पेढीने आपल्याकडे घेतले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या पेठांत पाणी शिरले. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. पेढीच्या नऊ जोडलेल्या गाड्यांपैकी सहा मालासह वाटेत अडकल्या. कोणी कागलपलीकडे, कोणी किणी टोलनाक्याजवळ, कोणी कराडच्या आसपास. ठरावाप्रमाणे पेढीवर काहीच येत नव्हते. पूर कोणाच्या हातचा नसतो. तेव्हा चिरंजिवांनी अण्णांना न विचारता सहा जणांच्या खात्यावर प्रत्येकी १५,००० रुपये पाठविले. वर्षभर साठलेल्या रकमेतले ९० हजार एका दुपारी गेले. संध्याकाळी त्यांनी ते वडिलांना सांगितले. अण्णा दिवाणखान्यात पुराच्या बातम्या पाहत होते. ते फक्त म्हणाले, "तारखा लिहून ठेव."

त्यानंतरच्या हंगामात, फेब्रुवारी २०२० मध्ये, नवी हळद बाजारात आली आणि नेहमीप्रमाणे सर्वत्र गाड्यांची ओढ सुरू झाली. टनामागे शंभर-दोनशे रुपये अधिक देऊन दलाल एकमेकांच्या गाड्या पळवीत होते. त्या नऊंपैकी एकही गाडी हलली नाही. उलट त्यांच्यापैकी तिघांनी आपल्या ओळखीचे, ताडपत्री नीट शिवणारे आणखी गाडीवाले आणून पेढीच्या बाकावर बसविले. व्यापारी वेळेवर गाडी मिळते म्हणून परत आले. त्यांच्याकडून ४५ ऐवजी ३० दिवसांत पैसे घेण्याइतकी पेढीची पत वाढली होती. उधारी आखडली, तसा चौथ्या नियमाचा आकडाही आपोआप वर सरकला. आज तो चौदा आहे. हसणारे आता विचारतात, हे जमविले कसे. चिरंजीव त्यांच्यापुढे लाल वही ठेवतात. बहुतेकांना तिच्यात पाहण्यासारखे काही दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने कर्जहप्त्यांना आधी तीन आणि नंतर आणखी तीन महिन्यांची सवलत दिली. सवलत म्हणजे माफी नव्हे, त्या महिन्यांचे व्याज पुढे जोडले जाते, हे चिरंजिवांनी प्रत्येक गाडीमालकास बसवून समजावून सांगितले; ज्यांना जमेल त्यांनी हप्ता भरावा, ज्यांना जमणार नाही त्यांनीच थांबावे. जतच्या गाडीवाल्यासही त्यांनी फोन केला होता. तो आता पेढीचा नव्हता. तरी केला होता.

२०२१ च्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी वहीपूजन आटोपले होते. गाडीवाल्यांना मिठाईचे पुडे दिले जात होते. तेवढ्यात जतचा गाडीवाला सपत्नीक पेढीच्या पायरीशी आला. गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. तिची ताडपत्री नवी होती. त्याने खिशातून गाडीचे नोंदणीपत्र काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवले. त्यावर आजवर फायनान्सचे नाव असे. आता तेथे काही नव्हते. गाडी पुरतेपणी त्याची झाली होती.

त्याच्या पत्नीने पिशवीतून ती शाळेची वही काढली. अठ्ठेचाळीस ओळी, आणि खाली नंतर हाताने वाढविलेल्या काही ओळी, सर्वांपुढे खुणा. मे आणि जून २०१८ च्या ओळींपुढेही खूण होती, फक्त वेगळ्या शाईची.

अण्णांनी चष्मा पुसला. "बसा, मालक," ते म्हणाले.

"बसतो की," तो म्हणाला. "अण्णा, कोल्हापूरच्या शेटचा ठराव मार्चात संपतोय. हळदीचा माल निघाला तर सांगा."

चिरंजिवांनी लाल वही ओढून घेतली आणि नवी ओळ लिहावयास सुरुवात केली. गाडीचा क्रमांक त्यांना पाठ होता. मालकाचे नाव त्यांनी लिहिले. हप्त्याच्या तारखेच्या रकान्यापाशी त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तेथे एक आडवी रेघ ओढली आणि पुढच्या रकान्याकडे वळले.